तिचं नाव आधी

बारावीनंतर अमरावतीच्या एकाच कॉलेजात आम्हा दोघींना प्रवेश मिळाला होता. दोघी म्हणजे मी आणि शेजारची मैत्रीण. प्रश्न होता होस्टेलचा. दर्यापूरहून रोज बसने जाणं-येणं म्हणजे अभ्यासाचे तीन-चार तास रस्त्यावर घालवणं. होस्टेलच्या यादीत शेवटचं नाव तिचं लागलं. प्रतीक्षा यादीत पहिलं माझं. जागा पक्की व्हायची अजून बाकी होती.

तिच्या घरी एकच फोन. तो वडिलांसोबत वावरात जायचा. म्हणून अर्जावर तिने माझा नंबर दिला होता. जुलैतल्या एका दुपारी त्या नंबरवर होस्टेलच्या ऑफिसातून फोन आला. उद्या बारापर्यंत तिने मूळ कागदपत्रं घेऊन यावं, नाहीतर जागा पुढच्या मुलीला जाईल.

"हो, सांगते," मी म्हणाले आणि फोन गादीखाली ठेवला.

पुढची मुलगी मीच होते. तिला मार्क जास्त, अक्षर चांगलं, आणि माझी आईसुद्धा तिचंच कौतुक करायची. एवढी एक जागा मला मिळाली तर काय बिघडलं, असं मी संध्याकाळपर्यंत स्वतःला समजावत राहिले. शेजाऱ्यावरच्या प्रीतीचं बायबलमधलं वचन तोंडपाठ म्हणून दाखवून संडे स्कूलमध्ये मी स्टीलची वाटी मिळवली होती. त्याच वाटीत त्या दिवशी चहा प्यायले.

जेवणाआधी आमच्याकडे प्रार्थना होते. आईने डोळे मिटले.

"प्रभू, शेजारच्या पोरीले होस्टेल मिळू दे. अन् मंग आमच्या पोरीले."

माझ्या तोंडून आमेन निघालं नाही. मी चिडून विचारलं, "तिचं नाव आधी काहून घेतं तू?"

"तुयं तं आपोआपच निघते व माय तोंडातून. तिचं मंग घ्याले गेलं तं राहून जाते."

मी ताटावरून उठले. मैत्रीण तिच्या अंगणात भांडी घासत होती. मी फोनचं सांगितलं. कधी आला, ते सांगितलं नाही.

"अन् तुयं?" तिने विचारलं.

"मायं नाई लागलं."

राखेच्या हातानेच तिने माझा हात धरला. मला तो झटकून टाकावासा वाटला.

घरी आले तर आई म्हणाली, "तिनं अमरावती पाह्यली नाई. उद्या तू जाय संगं." पहिल्या बसने गेलो. तिची फाईल माझ्या मांडीवर होती. तिला खिडकीजवळची खाट मिळाली. ती सही करायला गेली तेव्हा मी त्या खाटेवर जरा वेळ बसून पाहिलं.

तीन वर्षं मी बसने गेले. बस त्या खिडकीसमोरून जायची. तिथे तिची ओढणी वाळत दिसली की मी पुस्तकात डोकं घालायची. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी त्याच बसमध्ये झाले, आणि पहाटे उठून डबा देणाऱ्या आईमुळे.

मैत्रीण आता अकोल्याला नोकरी करते, माझ्यापेक्षा चांगली. त्याचाही हेवा वाटतो. प्रार्थनेत तिचं नाव मी आधी घेते. नंतर घ्यायचं म्हटलं, तर मी ते मुद्दाम विसरेन.