दाजींनी लिहिलेला खुलासा

दाजी क्लार्क अर्ज खालून वर वाचायचे. आधी सही, मग तारीख, मग सोबत जोडलेल्या कागदांची यादी. ते सगळं जागच्या जागी असलं तरच नाव आणि शिक्षणापर्यंत पोचायचे. सही राहिली असली की अर्ज तसाच परत. "ऑफिसातलो क्लार्क तुमचो अर्ज वाचणा नाय, तपासता," असं वर ऐकवायचे. ओरोसच्या सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त होऊन ते आचऱ्याला परतले, तेव्हापासून गावातली शिकलेली पण बेकार पोरं रोज संध्याकाळी त्यांच्या पडवीत बसलेली असायची.

२००१ साली मीही त्यांतलीच एक. बी.कॉम. होऊन वर्ष झालं होतं. बाबा होडीवर, आई मासे विकायची. पहिल्याच दिवशी दाजींनी विचारलं, "काय येता तुका?"

"बी.कॉम. झालंय."

"ता शिकलंस. येता काय, ता इचारतंय."

मला रडूच फुटलं. खडूस म्हातारा, असं मनात म्हटलं, आणि ते काही खोटं नव्हतं. पण तासाभरात त्यांनी माझ्याकडून एकेक काढून घेतलं. टायपिंगची परीक्षा झाली होती, मच्छीमारांच्या सभेचं इतिवृत्त दोन वर्षं मीच लिहीत होते, बाजारात आई नसली की गिऱ्हाइकांची तोंडं मीच सांभाळायची. "मगे ह्या अर्जात कित्याक नाय? लोणचा घालतलंस काय त्याचा?" म्हणाले, आणि अर्ज नव्याने लिहायला लावला.

मुलाखतीची तालीम पडवीतच व्हायची. साहेब व्हायच्या काकी, म्हणजे दाजींच्या बायको. दाजींचं म्हणणं, साहेब कधी सरळ प्रश्न विचारत नाही आणि ही पण नाही. काकी चुलीकडे हातातलं काम टाकून यायच्या, पदराला हात पुसत खुर्चीवर बसायच्या आणि विचारायच्या, "लगीन झाल्यार नोकरी सोडतलंस?" उत्तर शुद्ध मराठीत द्यायचं. बोलता बोलता 'माका' निसटलं की पुन्हा 'नमस्कार' पासून सुरुवात. एकदा मी सात वेळा नमस्कार केला होता.

नोकरी लागलेल्यांनाही ते सोडत नसत. सणाला गावी आलेल्या पोराला पहिला प्रश्न, "बाजूचा टेबल शिकलंस?" आपलं काम सगळेच करतात, शेजारचा रजेवर गेला की ज्याला त्याचं काम जमतं, त्याचंच नाव साहेबाच्या तोंडी येतं, हे त्यांचं बढतीचं शास्त्र. आणि अर्जात खोटं लिहायला सक्त मनाई. कुणा एका पोराने न केलेल्या नोकरीचा अनुभव लिहिला, तर त्याला पडवीतून खाली उतरवून पायरीवर उभं केलं आणि तिथूनच घरी पाठवलं. "एक खोटो शबुद चार जाग्यांर वर येता," म्हणाले.

त्या वर्षाअखेरीस ओरोसच्या एका संस्थेत लिपिकाची जागा निघाली आणि मी अर्ज केला. पाठोपाठ देवाने गावपळणीचा कौल दिला. आमच्याकडे दर तीन-चार वर्षांनी सगळा गाव तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. तेवढ्या काळात गावात कुणी पाऊल टाकायचं नाही. माडाच्या झापांच्या राहुट्यांत चुली पेटतात, भजनं होतात, पोरांची तर चंगळच.

गावपळणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी आमच्या राहुटीशी आले. "पत्र नाय इला गो अजून?"

"इला," आई कौतुकाने म्हणाली. "निघताना इला. देवाकडे ठेवलंय. गावात परत गेल्यार, नारळ ठेवन फोडूया."

"म्हणजे वाचूक नाय?"

"नाय."

दाजी मटकन खालीच बसले. "अगो बाये, मुलाखतीक देव जातलो काय?"

पत्र कुलूपबंद घरात, देवापुढे. तारीख कुणालाच ठाऊक नाही. गावात जायची सोय नाही, आणि दाजीही देवाचा शब्द मोडणाऱ्यांतले नव्हते. वेशीबाहेरून कणकवलीची एसटी मिळायची. "चल," म्हणाले. मी होते त्या साडीवर निघाले. अंगाला चुलीच्या धुराचा वास येत होता.

कणकवलीवरून ओरोसला पोचल्यावर कळलं, मुलाखत त्याच दिवशी दुपारी दोनला होती. आवक-जावकचा क्लार्क दाजींना ओळखत होता, पण पत्राशिवाय आत सोडता येणार नाही, म्हणाला. लेखी खुलासा द्या, साहेबांना विचारतो. दाजींनी कागद मागितला आणि उभ्याउभ्याच लिहिलं. ते सही करत असताना मी डोकावले. 'उमेदवाराच्या घरी दिवसभर कोणी नसल्याने सदर पत्र माझ्या ताब्यात होते. माझ्या हलगर्जीपणामुळे ते उमेदवारास मिळाले नाही.'

"दाजी, ह्या खोटा आसा!"

"गप रव. देवाकडे ठेवलेला, असा लिवलंय तर सायब तुका खुळ्यात काढतलो. माका आता खंयचा प्रमोशन मिळाचा आसा?"

आत साहेबांनी कागद वाचून मान वर केली. "हे खरं आहे?"

मी शुद्ध मराठीत म्हटलं, "हो, सर."

नोकरी लागली. पण त्या क्लार्कच्या तोंडून गोष्ट ओरोसभर झाली, तिथून बाजारच्या दिवशी आचऱ्यात आली. लोक म्हणायचे, दाजी आता म्हातारे झाले, लोकांची पत्रं हरवतात. पोरीची नोकरीच जायची होती. हळूहळू पडवीतली पोरं कमी झाली. मी खरं सांगायला निघाले, तर आईला आधीच गप्प करून ठेवलेल्या दाजींनी मलाही दटावलं, "पर्मनंट होयपर्यंत तोंड उघडू नको." मी उघडलं नाही. त्यांनी सांगितलं म्हणून, असं मी स्वतःला समजावत असे. खरं म्हणजे मला भीती वाटत होती, आणि ती भीती सोयीचीही होती.

दोन वर्षांनी कायम झाल्याची ऑर्डर आली. त्याच आठवड्यात मी बाजारात, देवळात, भेटेल त्याला खरं काय ते सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं. "असा काय? बरो माणूस हां," म्हणाले. कुणी काही वाईट बोललं नाही. पण तोवर पोरं मालवणला जाऊन कॉम्प्युटरवर अर्ज करून घेऊ लागली होती.

दाजी त्यानंतर पाच वर्षं जगले. संध्याकाळी अंगात शर्ट घालून पडवीत बसायचे. मी रजेवर गावी गेले की त्यांच्यासमोर बसायचे, ऑफिसातलं सांगायचे. ते ऐकायचे, मध्येच बेड्याकडून, अंगणाच्या फाटकातून, कुणी वळतंय का पाहायचे. कुणी वळायचं नाही.