गणपूर्तीची सही

मी कोऱ्या कागदावर सही केली. वर तारीख होती, खाली 'उपस्थित सदस्य' म्हणून आमची नावं होती आणि मधली सगळी जागा मोकळी होती. सभा झालीच नव्हती. "गणपूर्तीला एक सही कमी पडतेय साहेब, बाकी मजकूर आम्ही भरून घेऊ," असं म्हणत हवालदाराने नोंदवही पुढे सरकवली, आणि मी उभ्या-उभ्याच सही ठोकली. तेव्हा मी बँकेत अधिकारी होतो. कुणी कोऱ्या स्लिपवर सही करून आणली तर काउंटरमागून सगळ्यांसमोर त्याची शाळा घ्यायचो.

ही दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. कोकणातल्या आमच्या शहरात पोलिसांच्या कारभारावर नागरिकांची नजर असावी म्हणून एक समिती होती. नजर म्हणजे काय, तर दर महिन्याला पोलीस ठाण्यात जमायचं, निरीक्षकांशेजारच्या खुर्चीत बसायचं, वडे खायचे आणि 'सहकार्याबद्दल' त्यांचे आभार मानायचे. आमच्यातल्या एकाने ठाण्याच्या कुंपणाची भिंत कंत्राटावर बांधली होती. तोच पोलिसांवर देखरेख ठेवायचा. मला पांढऱ्या शर्टाच्या खिशाला लावायला एक बिल्ला मिळाला होता. सहा महिने मी तो धुवायच्या शर्टावरून काढून न विसरता दुसऱ्या शर्टाला लावत असे.

पुढे मी कुवेतला आलो. शुऐबाच्या एका कारखान्यात हिशेब बघतो, फहाहीलला राहतो. मागच्या वर्षी गावाहून निरोप आला की समितीत सुधारणा करायची आहे, आणि मला 'अनिवासी सदस्य' म्हणून घेतलंय. मी इतका खूश झालो की घरी शिरा केला.

सुधारणा म्हणजे दर शुक्रवारी स्क्रीनवर सात डोकी. पहिल्या सभेत समितीचं नाव बदलायचं ठरलं. दुसऱ्यात ते परत बदललं. तिसऱ्यात बिल्ले गोल असावेत की चौकोनी यावर पाऊण तास गेला. नियमावलीचा मसुदा माझ्याकडे होता. मी बावीस पानं लिहिली. पारदर्शकता, उत्तरदायित्व, लोकाभिमुखता, सगळं होतं त्यात. तक्रार करणाऱ्या माणसाला समितीने एकदा समोर बसवून विचारावं, एवढं एक वाक्य तेवढं नव्हतं. कुणाला ते आठवलंही नाही.

फहाहीलला मी ज्याच्याकडून कोकम आणि सुकी मासळी घेतो त्या दुकानदाराला मी अर्थातच हे सगळं सांगितलं होतं. एकदा नाही, दर खेपेला. त्याने एके शुक्रवारी एक माणूस घरी पाठवला. "तुमच्याच बाजूचा आहे. पोलिसांत काम अडलंय. तुमचा शब्द चालतो ना तिथे?" मी म्हणालो, "पाठवा की!"

दुपारची नमाज आटोपून तो आला. पंचेचाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, नखांत काळं बसलेलं. अम्गराच्या भंगारबाजारात जुन्या गाड्या कापायचं काम करतो. बायकोने चहा दिला. मी त्याच्या डाव्या बाजूला बसलो, तसा तो उठून दुसरीकडे सरकला.

"तुमी ह्या बाजूस बसा साहेब. त्या कानान् मला ऐकू येत नाय."

मग त्याने सांगितलं. दोन महिन्यांत पासपोर्ट संपतोय. नवीन मागितला तर गावच्या पोलिसांचा शेरा वाईट आला. 'खोटी तक्रार करणारा, वर्तन संशयास्पद.' पासपोर्ट नाही तर इकामा, म्हणजे इथला राहायचा परवाना नाही, इकामा नाही तर इथलं काम नाही. गावाला दोन मुली शिकतायत, त्यांचं सगळं याच्याच पगारावर.

"खोटी तक्रार कसली?" मी अगदी अधिकाऱ्याच्या आवाजात विचारलं.

"कुवेतला यायच्या आधी तीन महिने. पासपोर्ट तेव्हा नुकताच हातात आलेला. चौकीत मारलं मला. भावाच्या भांडणात मी सोडवायला गेलेला. कानाचा पडदा फाटला. तक्रार दिली, तर म्हणाले समिती ऐकेल. ठाण्यावरून कागद आणवलाय भावाकडून, बघा."

त्याने घडी उलगडली. इतिवृत्ताची झेरॉक्स. 'समितीने तक्रारदाराचे म्हणणे सविस्तर ऐकून घेतले. तक्रार खोडसाळ असल्याचे एकमताने ठरले.' खाली पाच सह्या. तिसरी माझी. सहीच्या शेवटाला मी ओढतो ती दिमाखदार रेघ थेट हवालदाराच्या अक्षरावर गेलेली.

टेबलाच्या पलीकडे माझी पंधरा वर्षांची मुलगी अभ्यास करत होती. तिने मान लांब करून पाहिलं. "बाबा, दॅट्स युअर सिग्नेचर."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. ओरडला नाही. चहा अर्धा होता तो खाली ठेवला.

"म्हणजे तुमीच काय ते."

"पाहतो मी," मी म्हणालो. "बोलतो गावाला. होईल काहीतरी."

"बघा," म्हणाला, आणि कागदाची घडी घालून गेला. मुलीने विचारलं, "सो, डिड यू लिसन टू हिम?" मी तिला अभ्यास करायला सांगितलं.

खरं तर मला सगळं आठवत होतं. त्या दिवशी मी ठाण्यात शिरलो तेव्हा बाहेरच्या बाकावर एक माणूस बसला होता. एक कान लाल, सुजलेला, मानेवर वाळलेलं रक्त. माझा बिल्ला बघून तो उठून उभा राहिला. मी "बसा, बसा" म्हणालो, मोठ्या मनाने. आत गेलो, सही केली, दोन मिनिटांत बाहेर पडलो. तो पुन्हा उठला. मी हात दाखवून पुन्हा बसवलं. मला एका बारशाला जायचं होतं.

पुढच्या शुक्रवारी मी स्क्रीनवर विषय काढला. म्हणालो, जुनं एक प्रकरण आहे, आपण ते ऐकलंच नव्हतं, तसं लेखी द्यायला हवं.

अध्यक्ष हसले. "अहो, जुनी मढी कशाला उकरता? आपण नवीन काहीतरी घडवतोय."

कुंपणवाला म्हणाला, "आणि सही तर तुमचीच आहे ना राव! स्वतःच्याच पायावर धोंडा?"

"सभेला कुणीच नव्हतं," मी म्हणालो.

"मग तर विषयच संपला. जी सभा झालीच नाही तिच्यावर चर्चा कशी करणार?" यावर सगळे खळखळून हसले, आणि अध्यक्षांनी बिल्ल्यांचा नमुना कॅमेऱ्यासमोर धरला. गोल ठरला होता.

मला त्यांची किळस आली. पण त्यांनी मला काही वेगळं सांगितलं नव्हतं. दहा वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो होतो, फक्त हसत नव्हतो इतकंच. माझ्या बावीस पानांपेक्षा तो गोल बिल्ला प्रामाणिक होता. तो निदान बिल्ला असल्याचंच सांगत होता.

समितीचा राजीनामा मी त्याच दिवशी पाठवला. मग एक प्रतिज्ञापत्र लिहिलं: त्या दिवशी सभा झाली नाही, तक्रारदाराला कुणीही ऐकलं नाही, मी कोऱ्या पानावर सही केली, त्याचा सुजलेला कान मी डोळ्यांनी पाहिला. वकिलातीत जाऊन त्यावर शिक्का घेतला. खिडकीतल्या माणसाने ते वाचून मला विचारलं, "नक्की हेच लिहायचंय ना?" त्या कागदाने त्याला पासपोर्ट मिळेल की नाही, मला माहीत नाही. माझ्यावर काही येईल का, तेही माहीत नाही.

कागद घेऊन मी अम्गराला गेलो. कापलेल्या गाड्यांच्या दारांची रास, त्यापलीकडे तो, हातात लोखंड कापायची गॅसची बत्ती, डोळ्यांवर काळा चष्मा. मला बघून त्याने ज्योत विझवली. मी रस्ताभर वाक्य घोकलं होतं.

"समितीच्या वतीने झालेल्या त्रुटीबद्दल मी दिलगिरी..."

"थांबा," तो म्हणाला. "समितीस हिकडं बोलवा मग. तिचं तिला बोलू द्या. तुमी कोण?"

घोकलेलं वाक्य मी तिथेच सोडलं.

"तुमी मला बसा म्हणालात ना त्या दिवशी? मी बसलो. अंधार पडेपर्यंत बसलो. वाटलं, साहेबांनी बसा म्हणलंय म्हणजे बोलावतील."

मी रास ओलांडून त्याच्या उजव्या बाजूला गेलो, ऐकू येतं त्या बाजूला. प्रतिज्ञापत्र त्याच्या हातात दिलं.

"मी चुकलो," मी म्हणालो. "तुमचा कान मी पाहिला होता. पाहून आत गेलो, सही केली, आणि तुम्हाला बसवून निघून गेलो. हे मी केलं. मला माफ करा."