वाटणीआधीचा दौरा

दिवाळीनंतर आमची वाटणी होणार हे ठरलं होतं, आणि दिवाळीच्या आधी आम्हा दोघा भावांना मिळून युरोपला जायचं आहे, हेही ठरलं होतं. त्यातली दुसरी गोष्ट आधी ठरली होती. तिकिटं काढून झाली होती, गिऱ्हाइकांच्या भेटीच्या वेळा घेऊन झाल्या होत्या, व्हिसासाठी बोटांचे ठसे देऊन झाले होते, आणि मग कळंब्याच्या घरात तो विषय निघाला. एकदा निघाला तो निघालाच.

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत आमची फाउंड्री आहे. वडिलांनी लहान प्रमाणावर सुरू केली, आम्ही वाढवली. पंपाची कव्हरं, व्हॉल्व्हच्या बॉडी, असं बिडाचं ओतकाम. भट्टी, साचे आणि कामाची माणसं माझ्याकडे. गिऱ्हाइकं, इंग्रजी आणि परदेश धाकट्याकडे. भांडण असं मोठं कधी झालं नाही. त्याला नवी मशिनं घेऊन, ओतलेला माल जिथं तासून पुरा होतो ते मशीनशॉप वाढवायचं होतं आणि मला वाटायचं, आहे ते आधी नीट सांभाळावं. हे इतकंच आम्ही कितीतरी वर्षं वेगवेगळ्या शब्दांत एकमेकांना सांगत होतो. शेवटी अव्वाच, म्हणजे आमची आई, म्हणाली, "दोघं दोन कामं करा आणि जेवायला तरी नीट बसा." फाउंड्री मला, मशीनशॉप त्याला.

निघताना अव्वानं कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. बायका आधीपासूनच बजावत होत्या, नुसतं काम करून येऊ नका, काहीतरी बघून या. धाकट्यानं म्हणून मध्ये व्हिएन्ना घातलं होतं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या प्रागमध्ये एक दिवस जास्त ठेवला होता. माझी त्याला ना नव्हती, पण हौसही नव्हती. विमानात बसल्यापासून मला एकच चुळबुळ लागली होती: वाटणीची गोष्ट गिऱ्हाइकांना सांगायची की नाही?

श्टुटगार्टजवळच्या एका गावात आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक आहे. तिथं हॉटेलात एका पलंगाची खोली मिळाली. पलंग एक, पण त्यावर रजया दोन, दोन्ही व्यवस्थित घडी करून शेजारी शेजारी ठेवलेल्या. धाकटा हसून म्हणाला, "बघ अण्णा, हितं आधीच वाटून ठेवलंय."

मला हसू आलं नाही. सकाळी मी आंघोळ करून लिंगपूजेला बसलो. त्यानं ते कधीच सोडून दिलंय. पण मी गळ्यातली करंडगी, म्हणजे लिंगाची डबी, काढून हातावर लिंग घेतलं, तेव्हा त्यानं न बोलता फोनवर चाललेल्या बातम्या बंद केल्या, ग्लासात पाणी भरून माझ्यापुढं ठेवलं आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला. पूजा झाल्यावर लगेच म्हणाला, "आज तू त्या विषयावर बोलू नकोस हं काय. नव्या पार्टची ऑर्डर हातात येऊ दे, मग सांगू."

"लपवून किती दिवस चालणार हाय?"

"लपवत न्हाय मी. आता सांगायचं न्हाय, एवढंच म्हणतोय."

त्या कंपनीत खरेदी बघणाऱ्या बाई वयानं आमच्या मोठ्या बहिणीएवढ्या. केस आखूड, पांढरे. चहापाणी वगैरे न विचारता त्यांनी आमचंच एक कव्हर कापून टेबलावर ठेवलं. कापलेल्या जागी आत पोकळी दिसत होती, शेंगदाण्याएवढी. ओतताना हवा अडकून राहिली होती. धाकट्यानं माझ्याकडे बघितलं. मी मोडक्या इंग्रजीत सांगितलं, काय झालं असेल, साच्यात काय बदल करू, किती दिवसांनी नवे नमुने पाठवू. त्यांनी ऐकून घेतलं, मग पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "तुम्ही दोघं एकत्र येता, हे मला आवडतं. एकजण शब्द देतो आणि दुसऱ्याला माहीत असतं की तो पाळता येईल की नाही."

धाकटा म्हणाला, "थँक यू." मी समोरचा पाण्याचा ग्लास उचलला तर आत तो बुडबुड्यांचा सोडा. तो नाकात गेला आणि मी खोकत बसलो. नव्या पार्टबद्दल त्या म्हणाल्या, विचार करते, कळवते.

तिथून रेल्वेनं व्हिएन्नाला. बाहेर हिरवीगार शेतं, लाल छपरं, पण शेतात माणूस म्हणून दिसेना. एवढी शेती कोण करतं, हे मला विचारायचं होतं, पण धाकट्याशी तेवढंसुद्धा बोलावंसं वाटत नव्हतं. त्या बाईंचं वाक्य डोक्यात घोळत होतं. धाकटा समोर बसून भाकरीला चटणी लावून खात होता. एक तुकडा माझ्यापुढं केला, मी मानेनंच नको म्हटलं.

व्हिएन्ना सुंदर आहे, यात वाद नाही. पण सुंदर गोष्ट बघायलाही मन जागेवर लागतं. राजवाड्यात सोन्याच्या मुलाम्याच्या खोल्यांमागून खोल्या होत्या. कानाला लावायचं यंत्र माहिती सांगत होतं आणि मी प्रत्येक खोलीत शिरताच बाहेर पडायचं दार कुठं आहे ते शोधत होतो. बाहेर आल्यावर मात्र रस्त्यावरच्या दिव्यांचे खांब बघत थांबलो. जुनं ओतकाम. वेलबुट्टी काय सफाईची, आणि जोड कुठं दिसेना. खांबावर हात फिरवला, गार लागला. मग गटाराची झाकणं बघितली, बागेतल्या बाकांचे पाय बघितले.

"अण्णा, मान वर कर की जरा!" धाकटा ओरडला. "अख्खं शहर सोडून गटारं काय बघतोयस?"

एका जुन्या कॉफीहाउसमध्ये त्याला निवांत बसायचं होतं. तिथं म्हातारी माणसं एका कपावर वर्तमानपत्र वाचत तासन्‌तास बसतात, हे त्यानं कुठंतरी ऐकलं होतं. मी कॉफी संपवली आणि उठलो. तो बसूनच होता.

"कुठं जायचंय तुला?"

"कुठं न्हाय. बसवत न्हाय."

ट्राममध्ये चढलो आणि तिथं मला राहवलं नाही. आपण त्या बाईंना फसवलं असं मी म्हणालो. तो म्हणाला, तुला धंदा कळत नाही. मी म्हणालो, धंदा कळत नाही तर फाउंड्री कोण चालवतंय. आवाज चढले. समोरची बाई पिशवी उचलून पुढं जाऊन बसली. थांबा आला, दार उघडलं, आणि धाकटा म्हणाला, "मी चालत जातो." तो उतरला. मी त्याच्यामागून उठेपर्यंत दार लागलं. काचेतून तो वळून माझ्याकडे बघताना दिसला. त्यानं हात वर केला, काहीतरी बोलला. ट्राम वळली.

खरं सांगायचं तर पहिल्यांदा बरं वाटलं. पुढच्या थांब्यावर उतरायला हवं होतं, ते मी मुद्दाम उतरलो नाही. दोन-तीन थांबे तसेच गेले. मग उतरलो आणि वाट फुटेल तिकडं चालत सुटलो. एका चर्चबाहेर मुलं फुगे घेऊन उभी होती, कुणाचं तरी लग्न असावं. एक म्हातारा खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालत होता. मला कुणी ओळखत नव्हतं, कुणी काही विचारत नव्हतं. किती वर्षांत मी असा एकटा फिरलो नव्हतो! कोल्हापुरात घराबाहेर पडलं की दोन पावलांवर कुणीतरी "काय पावणं, कुठं?" म्हणतंच.

ऊन उतरायला लागलं आणि गारठा अंगाला झोंबू लागला, तेव्हा भानावर आलो. माझ्या फोनवर रोमिंग नव्हतं. इंटरनेट मी धाकट्याच्या फोनवरून घेत होतो. नकाशा उघडेना, फोन लागेना, आणि थोड्याच वेळात बॅटरीही संपली. हॉटेलचं नावही मला नीट सांगता येत नव्हतं, कारण सगळं बुकिंग त्याचं. कोपऱ्यावर कबाबची टपरी होती. आतला माणूस आपल्याकडचा वाटला, म्हणून मी हिंदीत विचारलं. तो लाहोरकडचा निघाला. आमची कोल्हापुरी हिंदी ऐकून त्याला हसू आलं, पण त्यानं लगेच स्वतःचा फोन पुढं केला. "भाई को लगाओ, नंबर बोलो."

नंबर! धाकट्याचा नंबर मला पाठ नव्हता. रोज दहादा ज्याला फोन करतो, त्याचा नंबर मी कधी आकड्यांत बघितलाच नव्हता. पाठ होता तो कळंब्याच्या घरचा जुना लँडलाइन नंबर, आणि तो अजून चालू आहे. पण तिकडं अव्वा झोपायच्या तयारीत असणार. तिनं फोन उचलला असता, पहिल्यांदा "ऊटा आतेन?" म्हणजे जेवलास का, असं विचारलं असतं, आणि दुसऱ्यांदा धाकटा कुठं आहे, असं.  मी फोन परत दिला. हॉटेल मोठ्या स्टेशनच्या मागं आहे एवढं मला आठवत होतं. टपरीवाल्यानं कुठली ट्राम ते सांगितलं आणि कागदी कपात चहा दिला. चहाचे पैसे घेतले नाहीत.

स्टेशन सापडलं, मागची गल्ली सापडली, हॉटेल सापडलं. जिना चढून खोलीचं दार वाजवलं, मग माझ्याकडच्या कार्डानं उघडलं. आत कुणी नव्हतं. इथंही पलंगावर दोन रजया होत्या, दोन्ही सकाळी होत्या तशाच.  मी मोठा माणूस आहे, तोही दोन मुलांचा बाप आहे, हे सगळं कळत होतं, तरी मी जिना धावत उतरलो. खाली येऊन काउंटरवरच्या मुलीला सांगितलं. तिनं बुकिंगमधला त्याचा नंबर काढून फोन लावला. त्यानं उचलला. मी म्हणालो, "कुठं हायस?"

 धाकटा म्हणाला, "तिथंच हाय की. जिथं उतरलो तिथं."

तो आला तेव्हा त्याचं नाक लाल झालं होतं आणि हात थंडगार पडले होते. जाकीट ट्राममध्ये माझ्याच हातात राहिलं होतं; मी ते दुपारभर खांद्यावर टाकून फिरत होतो. माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

"तू माघारी येशील असं वाटलं," तो म्हणाला. "प्रत्येक ट्राम बघत होतो. एक बाई कुत्रं घेऊन दोनदा आली आणि दोनदा गेली. समोरच्या औषधाच्या दुकानाचं शटर पडलं, तरी थांबलो. म्हटलं मी हललो आणि तू आलास तर?"

"आणि मी न्हाई आलो तर?"

"मग काय करायचं ते सुचतच नव्हतं."

त्याच्या अंगावर जाकीट टाकलं आणि आम्ही खोलीत बसून उरलेल्या कडक भाकऱ्या खाल्ल्या. चटणीचा डबा मध्ये ठेवला होता. वाटणीचं कुणीच बोललं नाही. माफीही कुणी मागितली नाही. आमच्या घरात तशी पद्धत नाही.

प्रागमध्ये पुलावर एवढी गर्दी की पुतळे कुठले आणि माणसं कुठली कळेना. मला शहर आवडलं. पण उद्याच्या बैठकीच्या धास्तीनं तिथंही जीव थाऱ्यावर नव्हता. तिथलं गिऱ्हाईक गावाबाहेरच्या कारखान्यातला एक तरुण इंजिनिअर होता. बैठक सुरू झाली आणि धाकट्यानं लॅपटॉप उघडायच्या आधीच सांगून टाकलं: आम्ही वेगळे होतोय, ओतकाम भावाकडे, मशीनिंग माझ्याकडे. मी त्याच्याकडे बघतच राहिलो. मला आधी काही बोलला नव्हता.

इंजिनिअरनं खांदे उडवले. "ठीक आहे. पार्ट खराब आला तर फोन कुणाला करू?"

"दोघांनाही," मी म्हणालो.

"दोघं म्हणजे कुणीच नाही," तो म्हणाला. रागानं नव्हे, अगदी सरळ.

 आम्ही इतके दिवस फाउंड्री, मशीनशॉप, जागा, माणसं, सगळं वाटून घेत होतो, पण हा फोन कुणाच्या वाट्याला, याचा विचारच केला नव्हता. धाकट्यानं माझ्याकडे बोट केलं. "ह्याला करा." मग मराठीत मला म्हणाला, "तू न्हाई म्हणू नकोस. मला भट्टीतलं काय सांगता येणार हाय?"

मी नाही म्हटलं नाही. पण ओझं हलकं झालं असंही नाही. विमानतळावर जाताना त्यानं टॅक्सीतूनच श्टुटगार्टच्या बाईंना फोन लावला आणि त्यांनाही सांगितलं. त्या बराच वेळ ऐकत होत्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, की हे समोर बसून ऐकायला आवडलं असतं. फोन ठेवल्यावर तो काचेबाहेर बघत राहिला. मी त्याला "मी म्हटलं होतं" असं म्हणू शकलो असतो. मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

दिवाळीनंतर वाटणी झाली. जुन्या कव्हरांचं काम श्टुटगार्टच्या बाईंनी आमच्याकडे ठेवलं, नवा पार्ट दुसऱ्या कंपनीला दिला. प्रागवाल्याचा फोन मला येतो, कधी सकाळी सकाळी, आणि मी भट्टीजवळून बाहेर धावत जाऊन तो घेतो. मशीनिंगची चूक असली की तोच फोन मी धाकट्याला करतो आणि आम्ही पूर्वीसारखेच एकमेकांवर ओरडतो. रविवारी तो कळंब्याला जेवायला येतो. अव्वाला वाटतं, तिचं म्हणणं खरं झालं, आता जेवायला तरी नीट बसतात. तिला तसं वाटू देतो.

पुढच्या महिन्यात मला इटलीला जायचं आहे, या वेळी धाकट्याशिवाय. बायको म्हणाली, येते मी पण. धाकट्यानं न विचारताच माझ्या फोनवर रोमिंग चालू करून दिलं. बॅग अजून भरलेली नाही. कपाटातून बाहेर काढून पलंगावर ठेवली आहे, आणि मी रोज येता-जाता तिची चेन उघडतो आणि परत लावतो.