वैयक्तिक कारणास्तव

जपानीची परीक्षा पास झाले तेव्हा मला जरा चढलीच होती, हे आधीच सांगून टाकते. योकोहामाजवळ गाड्यांचं वायरिंग बनवणाऱ्या कारखान्यात मी पॅकिंगला लागले आणि दोन वर्षांत तिथल्या परदेशी बायकांची दुभाषी झाले. कोणी साहेबांपुढे आवाज चढवला की मी डोळे वटारायचे. "असं नाही हं बोलायचं इथे!"

आमच्या लाइनवर मिरजेच्या एक वहिनी होत्या. नवरा इथे नोकरीत असतानाच अचानक गेला, पदरी बारावीतली मुलगी. मुलगी इथेच वाढलेली; आई मराठीत विचारणार, ती जपानीत उत्तर देणार. तिची कॉलेजची प्रवेश परीक्षा होईपर्यंत वहिनींना कसंही करून इथे तग धरायचा होता. नाहीतर मिरजेला भावाच्या दारात जायचं, तेही मराठी अक्षर न येणारी पोर घेऊन. कारखान्यात त्यांना जेमतेम आठ महिने झाले होते.

अमेरिकेच्या ऑर्डरी आटल्या आणि आमची लाइन बंद झाली. मला तेवढं दुसऱ्या लाइनवर घेतलं, भाषेमुळे. बाकीच्यांच्या राजीनाम्याचे कागद साहेबांनी माझ्या हातात दिले आणि म्हणाले, "नेहमीसारखे भरून घ्या." नेहमीसारखे म्हणजे कसे, हे मी विचारलं नाही. मला माहीत होतं ना सगळं! इथे नोकरी सोडताना जो तो एकच ओळ लिहितो : वैयक्तिक कारणास्तव.

वहिनी म्हणाल्या, "अगं, पण मी कुठे सोडतेय? तेच काढतायत."

"वहिनी, इथे कंपनीला नावं ठेवून जायचं नसतं. बरं दिसत नाही ते."

मी लिहून दिलेली ओळ त्यांनी बघून बघून उतरवली.

बेकारी भत्त्याच्या सरकारी ऑफिसात मीच त्यांना घेऊन गेले. खिडकीतल्या बाईंनी कागद दोनदा वाचले. कारखान्याने काढलं असेल तर सहा महिन्यांची नोकरी पुरते, म्हणाल्या. स्वतःहून सोडली असेल तर वर्षाची लागते. वहिनींचे तर आठच महिने भरले होते. आणि दुभाषी मीच, म्हणजे वहिनींना हे सांगायचंही मलाच.

त्या बाई भल्या होत्या. पेन खाली ठेवून त्यांनी विचारलं, "असं लिहायला कारखान्यातल्या कोणी सांगितलं होतं का? तसं असेल तर आम्ही चौकशी करू. कोणी सांगितलं, ते मात्र कळायला हवं."

मी ते मराठीत सांगितलं. शब्दन् शब्द सांगितला, एवढं तरी खरं. मग "मीच सांगितलं होतं" म्हणायला तोंड उघडते तोच वहिनींनी टेबलाखाली माझा हात घट्ट दाबला आणि मोडक्यातोडक्या जपानीत म्हणाल्या, "कोणी नाही. माझ्या मनानं लिहिलं."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी उघडलेलं तोंड मिटलं. त्यांनी कागदावर शिक्का मारला आणि पुढचा नंबर पुकारला.

बाहेर जिन्यात मी अक्षरशः ओरडले, "वहिनी, काय केलंत हे तुम्ही!"

"ओरडू नकोस गं. तू सांगितलंस म्हटल्यावर त्यांनी तुला ठेवलं असतं होय? एकीची तरी राहू दे नोकरी."

"चला, परत आत जाऊ. मी सांगते त्यांना."

"नको. पोरगी शाळेतून येईल आता," म्हणाल्या आणि जिना उतरायला लागल्या.

परीक्षेच्या दोन महिने आधी त्या मुलीला घेऊन मिरजेला गेल्या. मी अजून त्याच कारखान्यात आहे. लोक म्हणतात, तू तरी काय करणार होतीस? खरंच, फार काही हातात नव्हतं माझ्या. पण त्या जिन्यात मी "चला" एकदाच म्हणाले. आणि त्या "नको" म्हणाल्या तेव्हा मला हायसं वाटलं.