वैशाखातलं ओलं अंगण

आधीच सांगून टाकतो — मी चमत्कार मानत नाही. भुतं मानत नाही, अंगात येणं मानत नाही, आणि आमच्या ख्रिस्ती मंडळीत दर आठवड्याला कुणाच्या ना कुणाच्या स्वप्नात जो देवदूत येतो, तोही मानत नाही. या सदरातले अनुभव वाचून निम्म्या वेळा माझं डोकं फिरतं. तरी आज मीच लिहायला बसलोय. हसा खुशाल!

गोष्ट मोगलाईतली, निजामाच्या राज्यातली. नेकनूरपासून दोन कोसांवरच्या एका खेड्यात मी मिशनचा मास्तर होतो. आठवडाभर पडवीत शाळा, रविवारी तिथेच उपासना... दोन्ही माझ्याच गळ्यात. त्या वर्षी चैत्रात आमचा सामू तापाने गेला. तीन वर्षांचा होता. गुडघे सोलून निघेपर्यंत मी प्रार्थना केली होती. काही उपयोग झाला नाही.

पाद्रीबाबा सांत्वनाला आले. मी विचारलं, "देव ऐकतो, हे मी आता लोकांना कोणत्या तोंडाने सांगू?"

"मास्तर, शंका घेणं पाप आहे," ते म्हणाले. आणि बैलांच्या दमणीत बसून निघून गेले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ठरवलं — नोकरी सोडायची, धर्मही सोडायचा. पण त्याआधी एकदा सरळ हो की नाही ते ऐकायचं.

आमच्या पवित्र शास्त्रात एक भित्रा माणूस आहे. देवावर भरवसा बसेना, म्हणून तो उघड्यावर लोकर ठेवतो आणि म्हणतो, सकाळी दवाने लोकर भिजू दे, जमीन कोरडी राहू दे. तसं होतं. तरी गडी ऐकेना! दुसऱ्या दिवशी उलटं मागतो — लोकर कोरडी, जमीन ओली. तेही होतं. पोरांना समजावं म्हणून शाळेत मी ही गोष्ट धनगरी घोंगडी अंथरून शिकवायचो. तीच घोंगडी मागायला शेजारच्या धोंडाई धनगरणीकडे गेलो.

"कावून ओ मास्तर?" ती म्हणाली. "लई आग पडलीया, आन् तुमाला थंडी वाजतीया व्हय?"

"काम आहे," म्हणालो.

संध्याकाळी घोंगडी अंगणात पसरली. कुणालाही काही सांगितलं नाही, अगदी माझ्या बायकोला, मार्थालाही नाही. मनात म्हणालो — घोंगडी ओली, जमीन कोरडी. झालं तर राहीन. नाहीतर तुझा-माझा संबंध संपला! खरं सांगू? मला 'नाही'च ऐकायचं होतं. वैशाखात आमच्याकडे दव पडत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल.

सकाळी पाहिलं तर घोंगडी ठणठणीत कोरडी. झालं, सुटलो, म्हणत उचलायला गेलो — आणि पायाला चिखल लागला. सबंध अंगण ओलं! कुंपणापासून उंबऱ्यापर्यंत. फक्त घोंगडीखालचा चौकोन कोरडा...

म्हणजे दुसरी खूण. जी मी मागितलीच नव्हती!

मी आत धावलो. "सडा घातलास ना तू?"

"अहो, सामू गेल्यापासून मी सडा घातलाय का कधी?" मार्था म्हणाली. रांजणातलं पाणी रात्री होतं तेवढंच होतं. मातीला शेणाचा वास नव्हता. धोंडाईच्या दारात जाऊन पाहिलं.

"पानी? माज्या दारात धूळ उडतीया, बगा की," ती म्हणाली. "प्यायला न्हाई, आन् अंगनात कोन वततंय?"

खरं तर मी खूश व्हायला हवं होतं. पण मी संतापलो. अरे, मी विचारलं काय, तू सांगतोस काय! हे 'हो' की 'नाही'? पुढच्या चार संध्याकाळी पुन्हा घोंगडी पसरली. काही नाही. सगळं कोरडं. शेवटी धोंडाई येऊन घोंगडी घेऊन गेली.

पाद्रीबाबांना सांगितलं, तर म्हणाले, "देवाची परीक्षा पाहू नये."

"मग त्या लोकरवाल्या माणसाने पाहिलेली कशी चालली?"

"तो काळ वेगळा होता."

वेगळा काळ म्हणे. कपाळ!

राजीनामा मात्र दिला नाही. श्रद्धा वगैरे बसली म्हणून नव्हे — वाद अर्धवट राहिला होता म्हणून. शास्त्र पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं, पानापानावर वैतागत. रविवारी पाठ केलेली उत्तरं द्यायची बंद केली. जे कळत नव्हतं ते कळत नाही म्हणून सांगायला लागलो. पूर्वी माझ्या उपदेशात पेंगणारी माणसं आता उलट प्रश्न विचारायला लागली. एकदा तर उन्हं डोक्यावर आली तरी कुणी उठेना.

अंगण कसं भिजलं, ते मला आजतागायत कळलेलं नाही. झरा म्हणावं तर तिथे नंतर खणून पाहिलं, नुसता मुरूम. कुणाला उत्तर सापडलं तर जरूर कळवा. फक्त 'विश्वास ठेवा' असं लिहू नका, ते ऐकून कान किटलेत.

एवढंच सांगतो. त्या पावसाळ्यात एके दुपारी मी पुस्तक आपटून पुटपुटत होतो. मार्था तांदूळ निवडत होती. न बघताच म्हणाली, "सारखं कुणाशी भांडता हो?"

"त्याच्याशीच. आणखी कुणाशी?"

"म्हणजे तो आहे, हे धरूनच चाललाय तुम्ही."

मी आपटलेलं पुस्तक पुन्हा उघडलं. तिने दोन-चार खडे वेचून टाकले. मग म्हणाली, "भांडतच आहात, तर सामूचंही विचारा. माझ्याच्याने नाही होत."

विचारतोय. अजून रोज विचारतोय.