पियानोवरचा भंडारा

उद्या विद्यापीठात माझी लेक रुपाली पियानो वाजवणार, आणि तिच्या आजोबांना न बोलावता ती वाजवेल कशी, ही काळजी काही जात नाही.

ती तिथं पियानो शिकवते. गेल्या वर्षी प्राध्यापकांच्या मैफलीत ती वाजवताना क्षणभर थांबली, आणि माझ्या सासऱ्यांनी, आबांनी, मूठभर भंडारा उधळला. "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" हळदीनं पांढऱ्या पट्ट्या पिवळ्या झाल्या. पुढच्या समूहवादनात व्हायोलिनवाले नुसते शिंकत होते.

"आबा, संपलं नव्हतं!" मी म्हटलं.

"मग थांबली कशाला? मला वाटलं, सुटली बिचारी."

यंदा रुपालीनं खुटबावला, आबांच्या गावी, कळवलंच नाही. पण लहानपणी तिला पेटीच्या क्लासला सायकलवर आबाच न्यायचे. आणि घरी सराव करताना, भंडारा उधळला होता त्याच जागी ती थांबते, हळूच हसते.

सकाळी आबांना फोन करते. म्हणेन, या, पण भंडारा कपाळापुरताच आणा.