कोर्टाने पाठवलेली माणसं

स्टील प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर २ मधल्या आमच्या मराठी वाचनालयात पुस्तकांपेक्षा किस्से जास्त जमलेत. कोर्टाने किरकोळ गुन्हेवाल्यांना जेलऐवजी आमच्याकडे सामुदायिक सेवेला पाठवायला सुरुवात केली, तेव्हापासून तर ठेवायला कपाट पुरत नाही. जेलमध्ये म्हणे पाय ठेवायला जागा नाही. आमच्या वाचनालयाच्या बागेत होती.

•

पहिला आला जवळच्या कुम्हारी गावचा. गुन्हा काय, तर नर्सरीतल्या कुंड्या चोरल्या. वाचनालयाचा सचिव म्हणून कामं मीच वाटायचो; मुद्दाम त्याला कुंड्यांनाच पाणी घालायला लावलं.

दुसऱ्या दिवशी गंभीर चेहऱ्याने माझ्यासमोर उभा. "साहब, दो कम हैं. आजकल किसी पे भरोसा नहीं."

•

मग पिंटू. त्याने पावर हाउसच्या बाजारात दुकानाबाहेर मांडलेल्या चपला उचलल्या. अर्थात दोन्ही डाव्या!

त्याच्या आईने सरकारी शिक्का मारलेला कागद पाहिला, त्यावर 'सेवा' वाचलं आणि अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. एक दिवस मला गाठून विचारलं, "भाऊजी, परमनंट कधी करून राहिले त्याले?"

खरं सांगायचा धीर होईना. म्हटलं, ते त्याच्याच हातात आहे.

•

पण सगळ्यांत वरचढ धनराज सहारे. गोंदियाकडचा, प्लांटमधला जुना कामगार. साळ्याच्या लग्नात जास्त झाली आणि भररस्त्यात ट्रक अडवून नाचला.

शेवटच्या दिवशी सेवा पूर्ण केल्याचा माझ्या सहीचा कागद चारच्या आत कोर्टात द्यायचा होता. नाही दिला तर जेल, आणि जेल झाली की नोकरीवर पाणी. दोन पोरी शिकतायत त्याच्या. मी दोनलाच सही करून दिली. पण हा झाडू घेऊन तिथेच उभा.

"अरे, जा ना. कावून थांबला?"

"रिलीव्हर नाही आला."

प्लांटमध्ये पुढच्या शिफ्टचा माणूस आल्याशिवाय जागा सोडत नाहीत. मी परोपरीने सांगितलं की बाबा, ही भट्टी नाही, कण्हेर आहे.

"ड्यूटी सोडून गेलो त मेमो भेटते, साहेब."

सव्वातीन वाजले. शेवटी त्याच्या हातातला झाडू मीच घेतला. त्याने कुठवर झाडून झालंय ते मला नीट दाखवलं, मोटरसायकल काढली आणि सुसाट सुटला. चारला दहा कमी असताना त्याचा फोन आला, कागद पोचला.

सहा वाजता बायकोचा फोन. चहाला येताय ना?

म्हटलं, "रिलीव्हर आला की निघतोच."